अंगवळणी पडलेले दुखणे

मराठी भाषेने शरीराच्या इतर अवयवांपेक्षा तोंडाकडून अधिक काम करवून घेतले आहे, असे आम्हांस नेहमी वाटते. संकटाला आपण तोंड देतो, लाज वाटली की तोंड लपवितो, रागावलो की तोंड फिरवितो. भलतेच काही ऐकले तर आपल्या तोंडचे पाणी पळते, आणि कुणी गोड बोलून फसविले तर तो आपल्या तोंडाला पाने पुसून जातो. या संपन्न यादीतील एक वाक्प्रचार मात्र अलंकारिक नसून अक्षरशः शारीरिक आहे. तो म्हणजे 'तोंड येणे'. तोंड तर जन्मतःच आलेले असते, मग ते पुन्हा येते म्हणजे काय, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, तेव्हा आम्ही सांगतो की जसे डोळे येतात तसेच तोंड येते. एरवी ज्याची आठवणही नसते तो अवयव दुखू लागून आपले अस्तित्व जाणवून देतो.

या महिन्यात या 'तोंड येण्या'विषयीच चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. विषय थोडा अप्रिय आहे. कौटुंबिक मासिकाच्या पानांवर तो कशाला, असेही कुणास वाटेल. परंतु हे दुखणे कुटुंबातच वाढते, कुटुंबाच्या नजरेसमोर वाढते, आणि वेळीच ओळखले गेले तर तेही कुटुंबामुळेच. म्हणून या पानांइतकी योग्य जागा त्याला दुसरी नाही.

तोंड आले की मराठी घरात काय होते, हे वाचकांना सांगावयास नको. आजी म्हणते, उष्णता झाली. आई म्हणते, पोट साफ नाही. मग जाईचा पाला चघळावयास मिळतो, तूप लावले जाते, ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरली जाते, टाकणखाराची लाही मधात खलून बोटाने फिरविली जाते, आणि हल्ली 'ब' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या जातात. या उपचारांची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. साधे तोंड येणे आठ-दहा दिवसांत आपोआप जाते, आणि तेवढ्या अवधीत आजीच्या हातच्या तुपाने जिवाला बरे वाटत असेल तर त्यात वावगे काहीच नाही. प्रश्न येतो तो जे तोंड आठ-दहा दिवसांत 'जात' नाही त्याचा. जे महिनोन् महिने, वर्षानुवर्षे थोडे थोडे 'आलेले'च राहते, जळजळते, तिखट सोसत नाही, आणि अखेर घरातल्या सर्वांच्या अंगवळणी पडते, अशा दुखण्याचा.

शरीरात कोठेही इजा झाली की तेथे रक्त धाव घेते, जागा लाल होते, तापते, दुखते. यास वैद्यकशास्त्रात दाह म्हणतात. हा दाह मुळात हितकारक आहे. तो शरीराचा पहारेकरी होय. काम झाले की पहारेकऱ्याने आपल्या ठाण्यावर परत जावे, अशी निसर्गाची व्यवस्था आहे. परंतु काही कारणाने तो परतलाच नाही, वर्षानुवर्षे तेथेच तळ देऊन बसला, तर तोच घराची नासधूस करू लागतो. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ साली असा विचार मांडला होता की, जेथे दाह दीर्घकाळ रेंगाळतो तेथे कर्करोगाचा उगम होऊ शकतो. पुढील संशोधनाने या विचारास पुष्कळ आधार दिला. दाहात पेशी मरतात, त्यांची जागा भरण्यासाठी नव्या पेशी पुनःपुन्हा विभागतात. आणि जितक्या वेळा मूळ लेखाची नक्कल करावी तितक्या वेळा नकलेत चूक शिरण्याचा संभव वाढतो, हे पोथ्यांच्या अभ्यासकांस चांगले ठाऊक आहे. शिवाय दाहाच्या जागी जी तिखट रसायने निर्माण होतात ती पेशीतील मूळ लेखालाच डागाळतात. अशा चुकांची रास साठत जाऊन एखादी पेशी शिस्त झुगारून देते, आणि रोगाचा आरंभ होतो. तो एका दिवसात होत नाही. बहुधा कित्येक वर्षे लागतात. हा अवधी म्हणजे आपणांस मिळालेली संधी असते. दुर्दैवाने तोच अवधी आपण दुखण्याशी जुळवून घेण्यात घालवितो.

तोंडाच्या बाबतीत असे दोन जुनाट विकार आपल्या समाजाने विशेष ओळखून ठेवावेत, असे आम्हांस वाटते.

पहिल्याचे नाव लायकेन प्लॅनस. इंग्लंडमधील इरॅस्मस विल्सन या त्वचारोगतज्ज्ञाने १८६९ साली त्याचे वर्णन केले. तो त्वचेवर होतो, तसाच तोंडातही होतो, आणि पुष्कळदा केवळ तोंडातच होतो. मध्यम वयाच्या पुढील स्त्रियांत तो अधिक आढळतो. दोन्ही गालांच्या आतील बाजूस पांढऱ्या रेषांची बारीक जाळी दिसते, जणू कुणी क्रोशाची लेस विणून ठेवली आहे. काहींना त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु काहींत त्या जाळीलगतचा भाग लाल होतो, सोलवटतो, आणि मग आमटीचा घोटही निखाऱ्यासारखा वाटतो. हा रोग जंतूंमुळे होत नाही. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाही. उष्ण पदार्थ खाल्ल्याने होतो असेही नाही. शरीराचे स्वतःचेच संरक्षक सैनिक तोंडाच्या अस्तरावर चाल करून जातात, असे त्याचे स्वरूप आहे. औषधाने, विशेषतः लावावयाच्या स्टेरॉइडने आग पुष्कळ कमी होते. रोग मात्र समूळ जातोच असे नाही. तो कधी शमतो, कधी उसळतो. आणि शंभर रुग्णांमागे सुमारे एकाच्या बाबतीत, काही वर्षांनंतर, त्या जागी कर्करोग होतो. अशा रुग्णाची नोंद १९१० साली फ्रान्समधील आलोपो या डॉक्टरांनी केली होती. जिभेवरचा विकार, लाल व सोलवटणारा प्रकार, आणि जोडीला तंबाखू वा मद्य असेल तर हा धोका वाढतो.

शंभरात एक हे प्रमाण ऐकून वाचक निःश्वास टाकतील, टाकावाही. परंतु तो एक कोण, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून शंभरांनीही दर सहा महिन्यांनी किंवा निदान वर्षातून एकदा तोंड दाखवून यावे, एवढाच शास्त्राचा आग्रह असतो.

आमच्या परिचयाच्या एका घरातील काकूंना हा विकार अकरा वर्षे होता. प्रथम दंतवैद्यांनी तो ओळखला, औषध दिले, आणि सहा महिन्यांनी येत जा म्हणून बजावले. दोन वर्षे काकू नेमाने गेल्या. पुढे "तेच ते सांगतात, जाऊन काय करायचे?" असे म्हणून त्यांनी जाणे सोडले. घरानेही त्यांच्या दुखण्यास मोठ्या प्रेमाने सामावून घेतले. फोडणी घालण्यापूर्वीच काकूंची आमटीची वाटी वेगळी काढली जाई. त्यांच्यासाठी पोह्यांत मिरची नसे. दिवाळीच्या फराळात त्यांचा चिवडा निराळ्या डब्यात असे. पाहुण्यांनाही ती वेगळी वाटी ठाऊक होती. एका सुनेच्या मात्र लक्षात आले की, सासूबाई अलीकडे एकाच बाजूने जेवतात, आणि भात आधी पाण्याने ओलावून घेतात. तिने त्यांना खिडकीशी नेऊन उजेडात तोंड पाहिले. जिभेच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी जखम होती. ती दुखतही नव्हती. "दात लागला असेल," असे काकू म्हणाल्या. सुनेने ऐकले नाही. तपासणीत कर्करोग निघाला, परंतु तो आरंभीचा होता. जिभेचा थोडा भाग काढावा लागला. आज काकूंचे काही उच्चार बोबडे येतात, पण अथर्वशीर्ष त्या रोज स्वतःच म्हणतात. ही घटना सांगण्याचा हेतू एवढाच की, वेगळी वाटी काढणे ही माया आहे यात शंका नाही. परंतु ती वाटी दहा वर्षे निघत राहिली तर 'अजून का निघते?' हा प्रश्न घरातल्या कुणीतरी विचारावयास हवा.

दुसरा विकार आपल्याकडे याहून कितीतरी अधिक आहे, आणि त्याचे कारण आपणच पितळी तबकात घालून पाहुण्यांपुढे ठेवतो. ते कारण म्हणजे सुपारी.

सुपारीविषयी कठोर लिहिताना मराठी माणसाचा हात अडखळतो. तिच्याशिवाय आपला एकही संस्कार होत नाही. गणपतीची मूर्ती नसेल तेथे सुपारीचाच गणपती मांडतात. लग्न ठरले की 'सुपारी फुटली' म्हणतात. बाळंतिणीला विडा, सवाष्णीला विडा, गवयाला बोलावणे धाडावयाचे तर विडा-सुपारी. अठराव्या शतकात होळकर, शिंदे, पवार यांच्या फौजांबरोबर आपले पूर्वज माळव्यात आणि ग्वाल्हेरीस आले, तेव्हा त्यांच्या सामानात देव्हाऱ्याशेजारी पानदान आणि अडकित्ताही असणारच. आज मात्र 'सुपारी देणे' या शब्दांचा वर्तमानपत्री अर्थ निराळाच झाला आहे. कुणाच्या तरी जिवावर उठण्याचा तो सौदा असतो. भाषेने हा अर्थ गुन्हेगारीवरून घेतला खरा, परंतु वैद्यकाच्या दृष्टीनेही तो फारसा चुकलेला नाही.

सुपारीचा हा दुर्गुण प्रथम लक्षात आला तोही परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांत. १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत एक चमत्कारिक विकार नोंदविला. त्यांच्या तोंडाचे अस्तर पांढुरके व कडक झाले होते, आणि तोंड पुरते उघडत नव्हते. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९५३ साली, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी याच विकाराचे वर्णन करून त्यास 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव दिले. अस्तराखालच्या थरात तंतू साठून तो भाग ताठर होणे, असा त्याचा अर्थ. १९५६ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. पेमास्टर यांनी या विकारातून कर्करोग उद्भवतो, याकडे लक्ष वेधले. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसांनी भाषा नेली, देव नेले आणि सुपारीही नेली. रोग तिच्या पाठोपाठ गेला. परप्रांतात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आपणांस या गोष्टीचे मर्म सहज कळावे.

हा रोग घडतो कसा, तेही समजून घेण्यासारखे आहे. सुपारीत अरेकोलिन नावाचे द्रव्य असते. ते अस्तराखालील पेशींना अधिकाधिक तंतू तयार करावयास लावते. सुपारीतील तुरट द्रव्ये त्या तंतूंना असे पक्के करतात की शरीरास ते मोडता येत नाहीत; चामडे कमावण्याचीच ही क्रिया म्हणा ना. सुपारीत तांब्याचा अंशही बराच असतो, तो या तंतूंना एकमेकांत गुंतविण्याच्या कामी येतो. त्यात भर म्हणजे सतत चघळण्याने गालास होणारी इजा व त्यातून न शमणारा दाह. प्रारंभी केवळ तिखट लागू लागते. मग गाल पांढरट पडतो, जीभ पुरती बाहेर येत नाही, शिटी वाजविता येत नाही, फुगा फुगविता येत नाही. पुढे तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नाही, आणि अखेर पोळीचा घास बारीक करून सरकवावा लागतो. साठलेले तंतू सुपारी सोडल्यावरही बहुधा परत विरघळत नाहीत. व्यायामाने, इंजेक्शनांनी व प्रसंगी शस्त्रक्रियेने तोंड काहीसे मोकळे करता येते, एवढेच.

आणि याच्या पुढची पायरी कर्करोगाची. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात या विकाराच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षांच्या काळात लक्ष ठेवण्यात आले, आणि त्यांपैकी ५ जणांस तोंडाचा कर्करोग झाला, असे १९८५ साली प्रसिद्ध झाले. नंतर ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र करून जे हिशेब झाले, ते शंभरात चार ते सहाच्या आसपास येतात.

"परंतु हे सारे तंबाखूमुळे, नुसत्या सुपारीने काय होते?" हा आक्षेप आम्ही आजवर अगणित वेळा ऐकला आहे. आमच्या शाळेत दंत महाविद्यालयातील तरुण डॉक्टरांचे एक तपासणी शिबिर झाले होते. त्यांची पहिली परीक्षा फार सोपी होती. प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून दाखवावयाची. मुलांना तो खेळच वाटला. नववीतील एका मुलाची मात्र दोनच बोटे जेमतेम गेली. त्याच्या खिशात गोड सुपारीच्या चार पुड्या निघाल्या. वडिलांस बोलावून घेतले. ते सज्जन गृहस्थ. आमच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षे राबणारे. ते म्हणाले, "सर, सुपारीच तर खातो. तंबाखूला आमच्या घरात कुणी शिवत नाही." त्यांचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच अधिक विचार करावयास लावणारे होते. तंबाखूविरुद्ध त्या घराने पहारा ठेवला होता. सुपारीसाठी दार सताड उघडे होते. तो मुलगा आज सुपारी खात नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीस जातो, जबड्याचे व्यायाम करतो. आणि हे त्याला आयुष्यभर करावे लागणार आहे. त्याचे वय अवघे पंधरा.

या आक्षेपाचे शास्त्रीय उत्तर तर केव्हाच मिळालेले आहे. तैवानमध्ये सुपारी तंबाखूवाचून खातात, तरीही तेथे तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा पुराव्यांच्या आधारे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली तज्ज्ञांची सभा भरवून निर्णय दिला की, सुपारी ही स्वतःच मानवात कर्करोग निर्माण करणारी आहे. तंबाखूच्या जोडीने हा धोका कितीतरी वाढतो हे खरे. परंतु तंबाखू वगळल्याने सुपारी निर्दोष ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडा खात होते, त्यांना काही झाले नाही. अशा आजोबांस आमचाही नमस्कार. परंतु जे आजोबा नव्वदीपर्यंत पोचले नाहीत ते साक्षीस येऊ शकत नाहीत, ही या युक्तिवादातील अडचण आहे. शिवाय जेवणानंतरचा एक विडा आणि दिवसभर तोंडात रिती होणारी कोरडी पुडी यांत फार अंतर आहे. पुडीतील सुक्या मालाने हा विकार पानाच्या मानाने लवकर जडतो, असे संशोधकांस आढळले आहे.

कायद्याने काही केले नाही असे नाही. गुटख्यावर आपल्या मध्यप्रदेशाने बंदी घातली. १ एप्रिल २०१२ पासून ती अमलात आली. परंतु दुकानदारांनी तोड काढली. एका पुडीत पान मसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाइकाने दोन्ही घेऊन तळहातावर एकत्र करावे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलास तर कोठेच विकता येत नाही. परंतु ज्या पुडीत तंबाखू नाही तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणून गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांवर गोड सुपारीच्या माळा राजरोस लटकत असतात. सुपारी चघळणे आरोग्यास हानिकारक आहे, हे त्या पुडीवर छापलेले असते. पण ते वाचणार कोण? तेव्हा जेथे कायद्याचा हात पोचत नाही तेथे आई-वडिलांचा व शिक्षकांचा पोचला पाहिजे.

येथवर वाचून कुणी घाबरून गेले असेल, तर आमचा हेतू फसला असे होईल. भय आणि बेफिकिरी ही सख्खी भावंडे आहेत. दोघेही माणसाला वैद्यापासून दूर ठेवतात. बेफिकीर म्हणतो, मला काही होणार नाही. भित्रा म्हणतो, काही निघाले तर? आणि दोघेही घरीच बसतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. यांतील मोठा भाग उशिरा येणाऱ्यांचा असतो. वस्तुतः पोटातील वा फुफ्फुसातील रोग शोधण्यास यंत्रे लागतात. तोंडाचा रोग नुसत्या डोळ्यांना दिसतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन केवळ उजेडात लोकांची तोंडे पाहिली, आणि संशय आला त्यांना डॉक्टरांकडे धाडले. २००५ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. कोणतेही महागडे साधन नव्हते. पाहणारी नजर होती.

ही नजर आपल्या घरातही असू शकते. आमची सूचना अशी की, दर महिन्याच्या संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत घरातली मंडळी जागी असतातच. त्या दिवशी सकाळी उन्हाच्या उजेडात प्रत्येकाने आपले तोंड आरशात पाहावे, आणि वृद्धांचे तरुणांनी पाहावे. हात स्वच्छ धुवावेत, कवळी असल्यास काढावी. ओठांची आतील बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जिभेचा वरचा भाग, तिच्या दोन्ही कडा आणि जीभ उचलून तिच्याखालची जागा पाहावी. तीन बोटे उभी जातात का, तेही पाहावे. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला लागणारा टणकपणा वा गाठ, कारणावाचून रक्त येणे, निरोगी दात हलू लागणे, जीभ वा ओठ बधिर होणे, गिळताना त्रास, मानेत गाठ, किंवा तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास दाखवावयास जावे. ते दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभी पुष्कळदा दुखतच नाही.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासावा लागेल, असे सांगितले तर अनेक घरांत हलकल्लोळ होतो. "सुरी लागली की रोग पसरतो," अशी एक समजूत खोलवर रुजली आहे. तीत तथ्य नाही. तपासणीसाठी काढलेल्या लहानशा तुकड्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. तो पसरतो तुकडा न काढता घालविलेल्या महिन्यांत. या तपासणीसाठी दूरदेशी जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्या इंदुरात १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. हैदराबादेस आणि गोव्यात बांबोळीसही सरकारी दंत महाविद्यालये आहेत. इतर गावी सरकारी रुग्णालयाचा दंतविभाग किंवा जवळचा दंतवैद्य पुरेसा आहे. जुन्या जळजळीचे निदान एकदा झाले असेल, तर पुढची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. आणि आग शमली म्हणून ती तारीख पुसू नये.

राहता राहिली सुपारी. तिला देव्हाऱ्यातून कुणी काढा म्हणत नाही. गणपती म्हणून ती पाटावर बसो, लग्नात ती फुटो, ओटीत ती पडो. तेथील तिचा मान अबाधित आहे. मागणे एवढेच की, पूजेतली सुपारी पूजेतच राहावी, मुखशुद्धीच्या तबकात येऊ नये. तेथे बडीशेप आहे, ओवा आहे, धणाडाळ आहे, लवंग-वेलदोडा आहे. आपल्या गृहिणी वाळवतात ती आवळकाठी आहे. पुढच्या हळदीकुंकवाला किंवा बारशाला ज्या घरी सुपारीवाचून तबक फिरेल, त्या घराने शेजारच्या चार मुलांना एक धडा न बोलता दिलेला असेल. आणि ज्या घरात कुणासाठी बिनतिखटाची वेगळी वाटी फार दिवस निघत आहे, तेथील सुनेने, लेकीने वा नातवाने हा अंक खाली ठेवून एवढेच म्हणावे : "जरा खिडकीशी चला, आणि आ करा पाहू."